दहा नातलग, एक पत्र आणि बाळंतपणाची भूल

एप्रिल १९६० मध्ये 'लॅन्सेट' किंवा कुठल्याही मोठ्या जर्नलमध्ये 'मॅलिग्नंट हायपरथर्मिया' हा शब्द शोधला असता तर काहीही सापडलं नसतं. आजार होता, त्याने माणसं मरत होती, पण त्याला नाव नव्हतं. त्याच वर्षी मेलबर्नच्या रॉयल मेलबर्न हॉस्पिटलमध्ये एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी आला. अपघातात पायाचं हाड मोडून बाहेर आलेलं. पण पायापेक्षा त्याला भीती भुलेची वाटत होती. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की आमच्या नात्यातली दहा माणसं भूल दिल्यावर गेली आहेत.

आता हे वाक्य नीट वाचा. एखादा पेशंट असं काही म्हणाला तर बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं: 'काळजी करू नका, जमाना बदललाय.' तसं ते चुकीचंही नव्हतं. जुन्या मृत्यूंमध्ये ईथर होतं. हॅलोथेन हे नवं औषध नुकतंच, १९५६ मध्ये, वापरात आलं होतं आणि ईथरपेक्षा बरंच सुखाचं मानलं जात होतं. भूलतज्ज्ञ जिम व्हिलियर्स यांनी म्हणूनच हॅलोथेन निवडलं. साधारण दहा मिनिटांत रक्तदाब घसरला, नाडी पळायला लागली, अंग तापलं, घाम सुटला. औषध बंद केलं, शस्त्रक्रिया घाईने आवरली, मुलाला बर्फात ठेवलं. तो वाचला.

पुढचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मायकेल डेनबरो हे तिथले फिजिशियन आणि आनुवंशिकतेत रस असलेले. त्यांनी या कुटुंबाची वंशावळ मांडायला घेतली. कोण, कुणाचा कोण, कोणत्या ऑपरेशनला, कधी. १९६० मध्येच डेनबरो आणि रिचर्ड लव्हेल यांचं छोटंसं पत्र 'लॅन्सेट'मध्ये आलं. १९६२ च्या सविस्तर पेपरमध्ये आकडा स्पष्ट झाला: संपूर्ण भूल मिळालेल्या ३८ नातलगांपैकी १० जण दगावले होते. पिढ्यांमधून आजार ज्या रीतीने उतरत होता, त्यावरून तो एकाच प्रभावी जनुकाचा दिसत होता. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला तरी पुरे, आणि प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी.

आधी हे कुणाला दिसलंच नव्हतं का? दिसलं होतं. न्यूयॉर्कमध्ये १९१६ साली मॉश्कोविट्झ यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या 'उष्माघाता'वर लिहिलं होतं. उन्हाळा, बंद थिएटर, अंगावर जाड कपडे, वर ईथर, म्हणजे पेशंट तापणारच, अशी ती समजूत होती. पुढची तीस-चाळीस वर्षं डॉक्टर हवामानाला दोष देत राहिले. त्या काळचे डॉक्टर बेफिकीर होते असं नाही. एकेका हॉस्पिटलात दहा-वीस वर्षांत अशी एखादी केस यायची, आणि एकट्या केसला शेजारी नसेल तर ती हवामानासारखीच दिसते. या केसेस एका रांगेत उभ्या होत्या फक्त घरच्या लोकांच्या डोक्यात. लिटरेचर रिव्ह्यू करताना आपण जे वाचतो ते कुणीतरी लिहिलेलं असतं. इथला सगळ्यात मोठा डेटा चाळीस वर्षं कुणी लिहिलाच नव्हता.

आता थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. (माझं स्वतःचं काम कॅल्शियम चॅनेलवर आहे, त्यामुळे इथे मी लांबण लावण्याचा धोका आहे, आवरतो.) स्नायूच्या पेशीत कॅल्शियमचा साठा एका पिशवीसारख्या जाळीत बंद असतो. मेंदूचा निरोप आला की एक दार उघडतं, कॅल्शियम बाहेर येतं, स्नायू आवळतो. मग पंप कॅल्शियम पुन्हा आत ओढतात आणि स्नायू सैल पडतो. हे दार म्हणजे रायनोडीन रिसेप्टर, जनुकाचं नाव आरवायआर-१. काही घराण्यांत हे दार जरा ढिलं असतं. रोजच्या जगण्यात बहुतेकांना पत्ताही लागत नाही. पण हुंगायची भुलीची औषधं, म्हणजे हॅलोथेन आणि त्याची भावंडं, किंवा सक्सामेथोनियम हे स्नायू सैल करणारं इंजेक्शन दिलं, की दार उघडतं आणि मिटत नाही. स्नायू आवळलेला राहतो, पंप अखंड चालतात, ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल साठतं, पोटॅशियम रक्तात सुटतं. अंग तापतं ते या सगळ्यानंतर. नावातच 'ताप' असल्यामुळे कित्येक वर्षं लोक थर्मामीटरकडे बघत बसले. खरी पहिली खूण श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या वाढीत असते.

हा झाला मेलबर्नचा धागा. बाळंतपणाचा धागा वेगळीकडून, न्यूयॉर्कहून येतो, आणि तो आधी सुरू झालेला आहे.

१९४६ मध्ये कर्टिस मेंडेलसन या प्रसूतितज्ज्ञाचा पेपर आला. न्यूयॉर्क लाइंग-इन हॉस्पिटलमधली १९३२ ते १९४५ या काळातली ४४,०१६ बाळंतपणं त्यांनी तपासली. त्यांपैकी ६६ बायकांच्या पोटातलं अन्न किंवा आम्ल भुलेत उलटून फुप्फुसात गेलं होतं. गरोदरपणात जठराच्या तोंडाची झडप सैल होते, कळा सुरू झाल्या की पोट लवकर रिकामं होत नाही. अशा बाईला मास्क लावून हळूहळू ईथर हुंगवणं म्हणजे उलटीला निमंत्रण. हा प्रश्न सुटायला पुढची पंचवीस वर्षं लागली. उत्तर होतं वेग. शिरेतून थायोपेंटोन देऊन क्षणात झोपवायचं, लगेच सक्सामेथोनियम देऊन मिनिटभरात स्नायू सैल करायचे, गळ्याच्या कूर्चेवर दाब ठेवायचा (ही युक्ती लंडनच्या सेलिक यांनी १९६१ मध्ये मांडली) आणि श्वासनलिकेत नळी घालून टाकायची. सक्सामेथोनियमला आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे 'स्कोलीन' म्हणतात. ते १९५१ च्या सुमारास वापरात आलं, आणि त्याच्याइतकं झटपट काम करणारं दुसरं काही पुढे कितीतरी वर्षं नव्हतं. नुसत्या नायट्रस ऑक्साइडवर ठेवलेल्या आया ऑपरेशन चालू असताना जाग्या होत, म्हणून १९७० च्या सुमारास त्यात थोडं हॅलोथेन घालण्याची पद्धत आली.

आता दोन्ही धागे शेजारी ठेवा. १९६०-७० च्या दशकांत सिझेरियनची जी 'सुरक्षित' रेसिपी बसली, तिच्यातले घटक: थायोपेंटोन, सक्सामेथोनियम, हॅलोथेन. आणि याच दशकांत स्नायूंच्या आनुवंशिक आजारांच्या केस रिपोर्टमध्ये पुन्हा पुन्हा येणारी नावं: थायोपेंटोन, सक्सामेथोनियम, हॅलोथेन. हजारो बायकांना ज्या औषधांनी वाचवलं, तीच औषधं मोजक्या बायकांसाठी सगळ्यात वाईट. शिवाय ही रेसिपी वापरली जाते ती घाईत. बाळाचे ठोके पडलेत, पेशंट कळांनी बेजार, नातेवाईक बाहेरच्या व्हरांड्यात. कुटुंबात भुलेने कोण गेलं, हे विचारायला हातात मिनिटंच असतात.

माझ्या मते या इतिहासातला खरा पेच हाच आहे. त्यात कुणी खलनायक नाही. मेंडेलसन बरोबर होते, सेलिक आपल्या काळच्या माहितीनुसार बरोबर होते, डेनबरोही बरोबर. फक्त एकाच्या सरासरीत दुसऱ्याचं कुटुंब बसत नव्हतं.

हा विचार, म्हणजे एकच औषध वेगवेगळ्या घराण्यांत वेगळं वागतं, तोपर्यंत अगदी अनोळखी नव्हता. वर्नर कालो टोरांटोत काम करत होते. सक्सामेथोनियम काही मिनिटांत उतरतं, कारण रक्तातलं एक एन्झाइम ते तोडून टाकतं. काही लोकांमध्ये हे एन्झाइम जन्मतःच सदोष असतं आणि मग तास-तास श्वास परत येत नाही. कालो यांनी १९५० च्या दशकात हे मोजून दाखवलं आणि १९६२ मध्ये 'फार्माकोजेनेटिक्स' याच नावाचं पुस्तक लिहिलं. पुढे हेच कालो बेव्हर्ली ब्रिट यांच्यासोबत मॅलिग्नंट हायपरथर्मियाकडे वळले. वाचलेल्या पेशंटच्या स्नायूचा तुकडा कॅफीनमध्ये बुडवला की तो नेहमीपेक्षा लवकर आणि जोरात आवळतो, हे त्यांनी १९७० मध्ये दाखवलं. लीड्समध्ये एलिस यांनी हॅलोथेनने तेच केलं. आजही निदानाची मुख्य चाचणी त्याच वंशातली आहे.

औषधाची गोष्ट डुकरांमधून येते आणि ती मी थोडक्यात सांगतो. डुकरांच्या काही जातींत ताण पडला की जनावर तापून मरायचं आणि मांस फिकट, पाणचट व्हायचं. खाटीकखान्यांना हे चांगलं माहीत होतं. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये हॉल आणि सहकाऱ्यांना सक्सामेथोनियमने डुकरांत तोच प्रकार दिसला. १९७५ मध्ये केपटाऊनच्या हॅरिसन यांनी अशा डुकरांना डँट्रोलीन देऊन वाचवलं. हे औषध मुळात आखडलेल्या स्नायूंसाठी बनवलेलं होतं. १९७९ मध्ये अमेरिकेत शिरेतून द्यायच्या डँट्रोलीनला मान्यता मिळाली. आधी दहातले सात किंवा जास्तच जात. डँट्रोलीन आणि चांगलं मॉनिटरिंग आल्यावर मृत्यू शेकडा काही टक्क्यांवर आले. १९९० मध्ये आरवायआर-१ जनुकाशी संबंध जुळला, १९९१ मध्ये डुकरांतला नेमका बदल सापडला.

पण सगळी आनुवंशिक स्नायूदुखणी म्हणजे मॅलिग्नंट हायपरथर्मिया नव्हे. इथे बराच काळ गोंधळ होता, आणि रिसर्चला येणाऱ्यांनी तो मुद्दाम बघावा. १९५६ मध्ये शाय आणि मॅगी यांनी 'सेंट्रल कोअर' हा जन्मजात स्नायूविकार वर्णन केला. १९७३ मध्ये डेनबरो यांनाच असा रुग्ण सापडला ज्याला दोन्ही होतं, आणि पुढे कळलं की जनुकही तेच. संबंध खरा निघाला. मग लोकांनी प्रत्येक स्नायूविकाराला तेच लेबल लावायला सुरुवात केली. मायोटॉनिक डिस्ट्रॉफी, ड्यूशेन, सगळं एका पोत्यात. ड्यूशेनच्या मुलांना सक्सामेथोनियम दिल्यावर हृदय बंद पडतं हे खरं, पण त्याचं कारण कमकुवत स्नायूपेशींतून एकदम सुटणारं पोटॅशियम. ते दार ढिलं असल्यामुळे होत नाही. धोका सारखा दिसतो, यंत्रणा वेगळी. यंत्रणा वेगळी म्हणजे उपायही वेगळा: तिथे डँट्रोलीन शोधत बसण्यात वेळ जातो, पेशंटला आधी कॅल्शियम हवं असतं.

बाळंतपणाच्या दृष्टीने सगळ्यात बोलकी गोष्ट मायोटॉनिक डिस्ट्रॉफीची. १९०९ मध्ये जर्मनीत स्टाइनर्ट आणि लंडनमध्ये बॅटन व गिब यांनी स्वतंत्रपणे वर्णन केलेला हा आजार. मूठ आवळली की पटकन सुटत नाही, चेहरा आणि मान बारीक होत जाते, लवकर मोतीबिंदू होतो, हृदयाच्या विद्युतवहनात अडथळे येतात. १९१८ मध्ये फ्लायशर या नेत्रतज्ज्ञाने घराणी तपासली तर दिसलं, की आजोबांना नुसता मोतीबिंदू, मुलीला स्नायूंचा त्रास, नातवंडांना त्याहून जास्त आणि लवकर. पिढीगणिक आजार वाढतो, असं घरचेही सांगत. १९४८ मध्ये लंडनच्या लायनेल पेनरोझ यांनी आकडेशास्त्राने दाखवलं की हा निवडीचा भास आहे: गंभीर मुलं दवाखान्यात येतात, त्यांच्यामुळे सौम्य आईबाप सापडतात, म्हणून तसं वाटतं. युक्तिवाद इतका देखणा होता की चाळीस वर्षं तो मान्य राहिला. १९९२ मध्ये जनुक सापडलं. सीटीजी ही तीन अक्षरं एका ठिकाणी पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसात साधारण पाच ते सदतीस वेळा, आजारात पन्नासच्या पुढे, आणि पिढ्यांमधून उतरताना हा आकडा वाढत जातो. जन्मजात प्रकारात तो बहुधा हजारापलीकडे असतो. घरचे बरोबर होते. पेनरोझ यांची पद्धत आजही शिकवावी अशी आहे, फक्त निसर्ग या ठिकाणी त्यांच्या बाजूने नव्हता.

जन्मजात प्रकार जवळजवळ नेहमी आईकडून येतो, हे कार्डिफचे पीटर हार्पर आणि डायकेन यांनी १९७२ मध्ये मांडलं. म्हणजे चित्र असं उभं राहतं. बाईला स्वतःच्या आजाराचा पत्ता नाही. 'जरा अशक्त आहे', 'झाकण उघडताना हात अडकतो' एवढंच. पोटातलं बाळ नीट गिळत नाही म्हणून गर्भजल वाढतं, दिवस भरण्याआधी कळा येतात. गर्भाशयाचा स्नायूही नीट आवळत नाही, म्हणून प्रसूती रेंगाळते आणि सिझेरियनचा निर्णय होतो. आणि मग तीच रेसिपी. थायोपेंटोनने अशा पेशंटचा श्वास नेहमीपेक्षा जास्त मंदावतो, हे डंडी यांनी १९५२ मध्येच नोंदवलं होतं. सक्सामेथोनियमने स्नायू सैल पडण्याऐवजी जबडा घट्ट मिटू शकतो आणि नळी घालताच येत नाही. दुसरं स्नायू सैल करणारं औषध देऊनही ही आखड सुटत नाही, कारण बिघाड मज्जातंतूच्या सांध्यात नाही, स्नायूच्या आवरणात आहे. ऑपरेशन पार पडलं तरी गर्भाशय सैल राहून रक्तस्राव होतो, आणि काही तासांनी वॉर्डात श्वास थकतो. निदान कितीदा तरी उलट्या दिशेने होतं: बाळ मऊ, ढिलं जन्मतं, बालरोगतज्ज्ञ आईशी हात मिळवतात आणि आईची मूठ सुटत नाही.

या सगळ्यातून सुटायचा रस्ता जुनाच होता. ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये मणक्यातून भूल देऊन दाखवली होती. मेलबर्नच्या त्या तरुणालाही पुढे मूतखड्यासाठी कमरेतूनच भूल दिली आणि काही झालं नाही. मग अशा बायकांना कमरेतून भूल द्यायला इतकी वर्षं का कचरत होते? इथे इतिहासातला एक चमत्कारिक फाटा आहे. प्रयोगशाळेत स्नायूच्या तुकड्यावर लिग्नोकेनचा भरपूर मारा केला तर कॅल्शियम सुटतं. त्यावरून लिग्नोकेन गटातली बधिर करणारी सगळीच औषधं या घराण्यांना निषिद्ध ठरली. गंमत म्हणजे प्रयोग खरा होता. पण त्यातली मात्रा माणसाच्या रक्तात कधी येतच नाही. १९८० च्या दशकात ही बंदी उठली. तोवर कळा देणाऱ्या बाईसाठी जी पद्धत सर्वांत सुरक्षित, तिच्यावरच शंकेचं सावट होतं. माझ्यासारख्या, पेशी आणि डिशमध्ये काम करणाऱ्या लोकांनी हे प्रकरण टेबलासमोर चिकटवून ठेवावं.

डँट्रोलीनचंही तसंच. आधी वाटलं, धोका असलेल्या गरोदर बाईला ते आधीच देऊन ठेवावं. टोरांटोत २० गर्भवतींना प्रसूतीआधी तोंडावाटे देऊन १९८८ मध्ये निष्कर्ष छापले. बाळांना अपाय दिसला नाही, पण औषध वारेतून बाळापर्यंत जातं हे स्पष्ट झालं. शिरेतून दिल्यावर आईचं गर्भाशय सैल पडून रक्तस्राव झाल्याच्याही नोंदी आल्या. आता ते आधीपासून देत नाहीत. जवळ मात्र हवंच, आणि 'जवळ' या शब्दाचा अर्थ हिशेबाने घ्या: जुन्या प्रकारच्या एका कुपीत २० मिलिग्रॅम, ती विरघळवायला ६० मिलिलिटर पाणी. सत्तर किलोच्या बाईला किलोमागे अडीच मिलिग्रॅमने पहिला डोस १७५ मिलिग्रॅम, म्हणजे नऊ कुप्या आणि अर्ध्या लिटरहून जास्त पाणी, तेही कुप्या हलवत हलवत.

आज पद्धत अशी: आधीच माहीत असेल तर गरोदरपणातच भूलतज्ज्ञाची भेट, कळा सुरू होताच एपिड्यूरल, म्हणजे घाईची वेळच येऊ नये. संपूर्ण भूल लागलीच तर प्रोपोफोल शिरेतूनच चालू ठेवायचं, सक्सामेथोनियमऐवजी रोक्युरोनियम, आणि त्याचा असर उतरवायला सुगामॅडेक्स, जे युरोपात २००८ मध्ये आलं. भुलेच्या मशीनमधून जुन्या वाफा धुऊन काढायच्या. एक अडचण तरीही उरते. कळांमध्ये ताप, जलद नाडी, घाम हे तसंही दिसतं; एपिड्यूरलनेही ताप चढतो. शिवाय गरोदरपणात कार्बन डायऑक्साइड मुळातच कमी असतो, त्यामुळे 'नॉर्मल' दिसणारा आकडा आधीच वाढलेला असू शकतो.

आणि एक प्रश्न, जो बाईच्या केसपेपरवर सहसा छापलेला नसतो: नवऱ्याच्या घरात कुणी भुलेने गेलं आहे का? आई पूर्ण निरोगी असेल, पण वडिलांकडे ते जनुक असेल तर बाळात ते असण्याची शक्यता निम्मी. सक्सामेथोनियम वारेतून फारसं पलीकडे जात नाही. हुंगायची औषधं मात्र जातात. म्हणून अशा वेळी नाळ कापेपर्यंत आईलाही त्याच कुटुंबातली समजून भूल देतात. घरातला नेमका बदल माहीत असेल तर नाळेच्या रक्तातून बाळाची तपासणी होते. बदल सापडला तर उत्तर 'हो'. सापडला नाही तर खात्रीचं 'नाही' म्हणता येत नाही, कारण हे दार ढिलं करणारे सगळे बदल अजून यादीत आलेले नाहीत. स्नायूचा तुकडा काढून करायची चाचणी मूल बरंच मोठं झाल्याशिवाय करत नाहीत. तोवर त्या मुलाच्या फाइलमध्ये एक वंशावळ असते, कोण, कुणाचा कोण, कोणत्या ऑपरेशनला, कधी.